अब्बांच्या पेशी

नसीमला काय अवदसा आठवली कोण जाणे, तिने आईला सांगून टाकलं, "अम्मी, अब्बांच्या गाठीतल्या पेशी माझ्या लॅबमध्ये अजून जिवंत आहेत."

अब्बा, म्हणजे हमीदभाई, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. लेकीचं संशोधन नेमकं पेशींच्या म्हातारपणावर. साधी पेशी वाढून वाढून थकते, थांबते. कॅन्सरची का थकत नाही, हे तिला शोधायचं होतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी, त्यांच्याच परवानगीने, तिने गाठीचा तुकडा नेला होता.

झालं! अम्मीने, जुबेदाबींनी, पिच्छाच पुरवला. "आपण कापलेली नखंसुद्धा पुरतो, आणि बापाला बाटलीत ठेवतेस? कबरीत अर्धवट झोपलेत गं ते. आण त्यांना."

"माझा संशोधनाचा पेपर छापून येऊ दे, मग आणते."

पेपर कसला येतोय! वर्षं गेली, अम्मी अंथरुणाला खिळली, तेव्हा कुठे नसीमने शुक्रवारचं कबूल केलं. करीम, तिचा भाऊ, कबरीजवळ पुरून येणार होता.

आणि गुरुवारी तपासणीचा निकाल आला. पेशी कुणाच्या याचा पुरावा मासिकाने मागितला होता, म्हणून तिने त्या अब्बांच्या जपून ठेवलेल्या रक्ताशी ताडून पाहायला दिल्या होत्या. पेशी बाईच्या निघाल्या. शेजारच्या टेबलावर वाढवत होते त्या, कुण्या परक्या बाईच्या. कधीतरी एक थेंब इकडचा तिकडे गेला असणार, आणि त्यांनीच सगळी बाटली बळकावली.

"अभिनंदन," लॅबचे प्रमुख श्रीनिवास सर म्हणाले. "परक्या बाईची सेवा मात्र मनापासून केलीत."

नसीमला ते ऐकूही आलं नाही. सुरुवातीला बाटल्या दोन होत्या. एकीतल्या पेशी जोमात वाढायच्या. अब्बा कसले खमके, म्हणून ती खूश व्हायची. दुसरीतल्या पसरट होऊन, थकून थांबल्या. त्या तिने ब्लीच घालून बेसिनमध्ये ओतल्या होत्या. तेच अब्बा होते.

शुक्रवारी अम्मी अंथरुणात उठून बसली होती. अत्तर लावलेलं पांढरं फडकं मांडीवर, करीम दारात उभा. नसीमच्या पर्समध्ये ती बाटली होती. हेच अब्बा म्हणून देऊन टाकावी, असं रिक्षात ठरवलंही होतं. पण परकी बाई त्यांच्या कबरीत कशी घालायची?

"अम्मी, या अब्बांच्या नाहीत. माझी चूक झाली."

"मग ते कुठे आहेत?"

"त्यांच्या पेशी टाकून दिल्या मी. वाढेनाशा झाल्या होत्या, वाटलं, काही कामाच्या नाहीत."

अम्मीने मांडीवरचं फडकं घडी करून उशाशी ठेवलं. करीमला म्हणाली, "मी गेले की मला शेवटची आंघोळ मोहल्ल्यातल्या बायका घालतील. हिने हात लावायचा नाही."