उज्वलाने डोस चुकवला नव्हता

मी एक जुना कर्णा आहे. काही जण मला भोंगा म्हणतात. महाडच्या चंदू मंडपवाल्याच्या गोदामात मी आडवा पडलो आहे आणि सध्या माझ्यात एक कोंबडी अंडी घालते. ती माझ्याकडे कौतुकाने बघते. पण मित्रांनो, कौतुक मला आता सोसत नाही.

एके काळी मी फार मिरवलो. मुंबईच्या कारखान्यातून आलो तेव्हा असा लखलखत होतो, की चंदूने बघताक्षणी मला उचलले. लग्नांत मी मंगलाष्टका म्हटल्या, कबड्डीच्या सामन्यांत घसा फोडला, निवडणुकीत सकाळी एकाचा तर संध्याकाळी दुसऱ्याचा जयजयकार केला. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसांचा महापूर लोटे, तेव्हा चुकलेल्या लेकरांची नावे मी पुकारत असे आणि आया धावत येत. चंदूचा कर्णा सावित्री नदीच्या पल्याड ऐकू जातो, असे लोक म्हणत. मी फुगून जाई.

मग पोलिओच्या डोसांची मोहीम सुरू झाली. चंदूने मला रिक्षाच्या टपावर बांधले. काम चांगले होते. सांगायचे वाक्यही सोपे होते: पाच वर्षांखालच्या मुलांना उद्या डोस पाजा. पण तेवढ्यावर थांबेल तो चंदू कसला! उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा खाक्या.

महाडजवळच्या तुडील गावच्या बौद्धवाडीत रिक्षा शिरली तेव्हा सहा वर्षांचा अश्वजित खेळता खेळता अंगणात पडला होता. उठताना तो आधी गुडघ्यांवर हात टेके, मग मांड्यांवर, आणि असा हातांच्या जोरावर कसाबसा उभा राही. चंदूने ते पाहिले आणि माइक तोंडाशी नेला.

"बघा मंडळी, बघा! डोस चुकवला की पोराचं हे असं होतं!"

घरातून त्याची आई उज्वला धावत आली. "दादा, मी येक बी डोस चुकवला नाय! खोटं नका बोलू!"

पण माइक चंदूच्या हातात होता. तिचे बोलणे शेजारच्या ओटीपर्यंतही पोचले नाही आणि माझे पार नदीपर्यंत गेले.

त्या दिवसापासून वाडीला अश्वजितच्या दुखण्याचे कारण सापडले. विहिरीवर बायका तिला बघून गप्प होत. सासू सुंदराबाई येताजाता म्हणे, "तुज्या आळसानं पोराचं पाय गेलं गो." तेच तेच ऐकून उज्वलालाही वाटू लागले, की एखादा डोस खरेच राहिला असेल. शरमेने तिने अश्वजितला शाळेतून काढले. पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाडीत मी लग्नाला गेलो, तेव्हा सगळी मुले माझ्याखाली नाचत होती आणि अश्वजित दाराच्या फटीतून बघत होता. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. पण कर्ण्याला स्वतःहून गप्प बसता येत नाही.

आणखी वर्षभराने उज्वला त्याला तापासाठी महाडला मुलांच्या डॉक्टर मैथिलीताईंकडे घेऊन गेली. ताईंनी ताप पाहिला, पण नजर गेली ती त्याच्या फुगीर पोटऱ्यांवर. त्यांनी त्याला जमिनीवरून उठायला सांगितले. पुढे मुंबईला तपासण्या झाल्या. तो पोलिओ नव्हताच. स्नायू हळूहळू दुबळे करणारा तो एक दुर्मीळ आजार होता, हजारो मुलग्यांत एखाद्याला होणारा. तो जन्मतःच येतो, डोसाशी त्याचा काही संबंध नसतो. असे आजार लोकांना कळावेत म्हणून मैथिलीताईंनी तुडीलच्या शाळेत सभा घेतली. कर्णा अर्थातच चंदूचा.

ताई बोलत गेल्या तशी चंदूची मान खाली जात गेली. मग सुंदराबाई उठली. "म्हंजी जल्मताच आला. आयकडनंच ना?"

"कधी कधी आईकडून येतो," ताई म्हणाल्या, "पण त्यात तिचा दोष..."

उज्वलाने त्यांना पुढे बोलूच दिले नाही. आठ वर्षांचे पोर कडेवर घेऊन ती पुढे गेली आणि तिने चंदूजवळचा दुसरा माइक उचलला.

"आला आसंल माज्याकडनं. त्याचं डोळं बी माज्याकडनंच आल्यात, तवा तुमी पेढं वाटलंत. मी डोस चुकवला नाय. आन् आता पोराला लपवनार बी नाय."

या वेळी तिचा शब्द नदीपर्यंत गेला. सुंदराबाई मटकन खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडू लागली. चंदू पुढे आला. "वयनी, चुकलं माझं."

"मला नका सांगू, दादा. जितं बोललात तितं बोला."

दुसऱ्या दिवशी रिक्षा पुन्हा बौद्धवाडीत फिरली. चंदूने माइक तोंडाशी नेला. "मंडळी, मी खोटं बोललो. उज्वलावयनींनी डोस चुकवला नव्हता." त्यापुढे त्याने एक अक्षरही जोडले नाही.

अश्वजितचा आजार बरा झाला नाही, त्यावर तेव्हा औषधच नव्हते. पण सुंदराबाई रोज त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडू लागली.

मित्रांनो, डोस जरूर पाजा. पण कुणाचे मूल वेगळे चालताना दिसले, तर त्याचे कारण सांगायला धावू नका. ज्यांची नावेही आपण ऐकलेली नाहीत असे कितीतरी आजार जगात आहेत. डॉक्टरांना विचारा आणि तोवर त्याच्या आईजवळ बसा. आयुष्यभरात माझ्यातून हजारो वाक्ये गेली, पण 'मला ठाऊक नाही' हे साधे वाक्य कुणीही कधी बोलले नाही. त्या दिवशी चंदू तेवढे बोलला असता, तर अश्वजितची दोन वर्षे दाराआड गेली नसती.