मुअत्तरचे सात केस

मी एक जुना चिमटा आहे, भुवयांचे केस उपटायचा. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू गरीब स्वभावाच्या असतात, असा तुमचा समज असेल तर तो आधी बाजूला ठेवा. मी रागावलेलो आहे आणि रागातच सांगणार आहे.

माझा जन्म उझबेकिस्तानातल्या चुस्त गावच्या एका लोहाराकडे झाला. तो सुऱ्या घडवायचा. एका सुरीची पट्टी थोडी उरली, ती त्याने वाकवली, टोके घासली आणि झालो मी तयार. मर्गिलानच्या बाजारात सबोहत-आपाने मला निवडले. आपा नवऱ्या सजवायची. आमच्याकडे लग्न ठरेपर्यंत मुलीच्या भुवयांना कोणी हात लावत नाही. कोरलेली भुवई दिसली की अख्खी गल्ली समजून जाते, हिची रोटी मोडली, म्हणजे हिच्या घरच्यांनी शब्द दिला.

तीस वर्षे मी हेच काम केले. नवरी रडू लागली की भोवतीच्या बायका हसून म्हणत, "लाजतेय गं!" लाजते कसली? दुखत होते तिला. काहींना तर त्याहून मोठे काही दुखत होते, पण ते कोण विचारणार? कौतुक व्हायचे ते आपाच्या हलक्या हाताचे. पुढे बाजारात चकचकीत दुकाने निघाली, नवऱ्या तिकडे जाऊ लागल्या, आणि मी चहाच्या रिकाम्या डब्यात बटणांबरोबर पडून राहिलो. खरे सांगू? मला बरे वाटले होते.

या वसंतात नवरोजच्या सणाच्या आठवडाभर आधी मुअत्तर आली. तेरा वर्षांची, सातवीतली. तिची आई रशियात शिवणकाम करते, म्हणून ती आत्याकडे राहते. शाळेच्या कार्यक्रमात ती नाचणार होती. आईने फोनवर सांगितले होते, पहिल्यांदा तोंडाला काही लावशील ते सबोहत-आपाला विचारून लाव. पोरीने बाजारातून आणलेली पिशवी चटईवर उपडी केली आणि अंग चोरून बसली.

आपाने पावडरची डबी उघडली. "ही कोणी दिली तुला?"

"दुकानातल्या बाईनं. म्हणाली, सावळ्या मुलींना हीच शोभते."

"तिला म्हणावं, स्वतः लाव. पिठाच्या डब्यात पडलेल्या मांजरीसारखी दिसशील. आणि ही ओठांची लाली? नाचायचंय की कुणाला घाबरवायचंय?"

मुअत्तर हसली. मग हळूच म्हणाली, "मग काय लावू, आपा? वर्गातल्या पोरी म्हणतात, तुझ्या भुवया म्हणजे एकच भुवई आहे."

"अगं, तेवढ्यासाठी आमच्या वेळी बायका रोज भुवयांमध्ये उस्माच्या पानांचा रस लावायच्या. जुळलेली भुवई देवानं फुकट दिलीय तुला. ही फिकट गुलाबी ठेव, ओठांना बोटानं लाव. बाकीचं परत कर."

इतक्यात आत्या आली. हिचे नाव होजर. आल्या आल्या तिने पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले. "आपा, ओठांचं राहू द्या. आधी ही झाडी काढा."

"तेरा वर्षांच्या पोरीची?"

"हल्ली कोण बघतं एवढं? ताश्कंदला सगळ्या कोरतात."

"मग ताश्कंदला ने," आपा म्हणाली आणि उस्माची पाने खुडायला अंगणात गेली.

मित्रांनो, तेवढ्यात आत्याने डबा उघडला. बटणे बाजूला सारून तिने मला उचलले. "डोळे मीट, राणी. छान दिसशील." पोरीला वाटले, हाही नटण्याचाच भाग असेल. तिने डोळे मिटले.

मला हात नाहीत, तोंड नाही. निसटता येईल तेवढा निसटलो, पण आत्याची पकड घट्ट होती. एक, दोन, तीन. पोरीच्या दोन भुवयांच्या मधोमध लाल टिकली उठली. चौथ्या केसाला मुअत्तर म्हणाली, "आत्या, लोक म्हणतील माझं ठरलं."

"म्हणू देत. गुरुवारी पाहुणे येतायत. घर चांगलं आहे, मुलाचं सुक्या मेव्याचं दुकान आहे. तुझ्या आईला मी सांगेन नंतर."

पाचवा, सहावा, सातवा. मग पोरीने डोळे उघडले आणि आत्याचा हात झटकला. मी चटईवर पडलो.

आपा पाने घेऊन दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. "होजर," ती म्हणाली, "पोरीला फसवून भुवया कोरतेस? आधी खूण करायची आणि मग म्हणायचं, आता गल्लीत बोभाटा झाला, नाही कसं म्हणू?"

"तुम्ही मला शिकवू नका. हिच्या आईच्या भुवया तुम्हीच कोरल्यात. सतराची होती ती. तेव्हा नाही विचारलंत."

मीही होतो त्या दिवशी. त्या मुलीला शिकायचे होते. ती रडत होती आणि बायका म्हणत होत्या, लाजतेय गं.

"नाही विचारलं," आपा म्हणाली. "म्हणून आज विचारतेय. मुअत्तर, तुला काय हवंय?"

"मला नाचायचंय," मुअत्तर म्हणाली. "आणि आठवीत जायचंय."

आपाने पाने चुरगळून पिळली, हिरवा रस चहाच्या उपड्या पियालीच्या बुडात जमवला. काडीला कापूस गुंडाळून तिने ती पोरीच्या हातात दिली. पोरीने आरशात बघून स्वतःच रेघ ओढली, या भुवईपासून त्या भुवईपर्यंत, उपटलेल्या जागेवरून सरळ. रस सुकून काळा झाला. आत्या पुटपुटली, "दोन दिवसांत जाईल ते."

"मग रोज लावीन," मुअत्तर म्हणाली. "येऊ देत पाहुणे. चहा मीच देणार."

जाताना तिने मला मुठीत घेतले. दारासमोरच्या पाण्याच्या पाटावर थांबून तिने मूठ उघडली. आपाने पाहिले, पण अडवले नाही.

गुरुवारी संध्याकाळी दोघी पाहुण्या बायका पाटाच्या कडेने परत चालल्या होत्या. एक चिडून म्हणाली, "काय धीट पोर! चहा ओतता ओतता सांगते, मी सातवीत आहे, मला नाही करायचं लग्न. आणि भुवया बघ, कोरलेल्याही नाहीत, कोवळं पोरच आहे ते." मी चिखलात आनंदाने लुकलुकलो. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "असू दे गं. दोन वर्षांनी पुन्हा येऊ."

दोन वर्षांनी ती पंधराची होईल, मित्रांनो. इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, जपा, नीट ठेवा. मी विनवत नाही, बजावतो. पाट साफ करायला गल्ली जमेल तेव्हा तुमच्या फावड्याला मी लागेन. मला धुऊ नका, कुणाला देऊ नका. तिथेच गाळात परत ढकला आणि मला गंजू द्या.