दोन सेकंदांचा फरक

गुरुवारी दुपारी दोन ते चार या वेळात स्टोअरमधून एकही पावती निघाली नव्हती. कारखान्याचे संगणक पाहणाऱ्या विठ्ठलरावांना आधी वाटलं, नोंदच बिघडली असेल. त्यांनी चष्मा पुसून यादी पुन्हा वरून खाली वाचली आणि शेवटी स्टोअर सांभाळणाऱ्या गोदावरीला फोन लावला.

"अमावास्या होती की हो अण्णा," ती हसत म्हणाली. "नारळ तर तुम्हीच फोडलात."

हुबळीजवळच्या तारिहाळमधल्या या व्हॉल्व्हच्या कारखान्यात दर अमावास्येला बारानंतर लेथ थांबतात. यंत्रं धुतली जातात, कुंकू लागतं, प्रसाद घेऊन लोक घरी जातात. एकोणीस वर्षांत विठ्ठलरावांची एकही अमावास्या चुकली नव्हती. सर्व्हरच्या कपाटाला कुंकू लावण्याचा मान त्यांचाच. आणि नेमकी त्याच दुपारी त्यांनी चाचणी घेतली होती.

कारखान्याचे दहा सर्व्हर होते. हजेरीचा, स्टोअरचा, बिलांचा, ड्रॉइंगचा. पण प्रत्यक्षात ते सगळे एकाच यंत्राच्या पोटात राहत. एका घरात दहा भाडेकरू आणि प्रत्येकाला वाटतं सगळं घर आपलंच, असं त्यांनी एकदा बायकोला, श्यामलाबाईंना, समजावलं होतं. हे घर वाटून देणारं जुनं सॉफ्टवेअर महाग झालं होतं, आणि दुसरं एक फुकट मिळत होतं. दोन्हींत जलद कोणतं ते मोजून सांगा, असं मालकांनी विठ्ठलरावांना सांगितलं. नवं जलद निघालं तर तेच घ्यायचं, आणि मग त्याची देखभाल बेंगळुरूची एक कंपनी तिथूनच करणार होती. म्हणजे विठ्ठलरावांना निवृत्तीनंतर दरवर्षी मिळणारी मुदतवाढ आता मिळणार नव्हती. हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्यासमोर कुणी बोलत नव्हतं एवढंच.

त्यांनी सगळं सारखं ठेवलं होतं. एकसारखी दोन यंत्रं, तेच दहा सर्व्हर, दुपारची तीच वेळ. सोमवारी जुन्यावर साठ्याचा अहवाल एकेचाळीस सेकंदांत निघाला. गुरुवारी नव्यावर अठ्ठावीस. शुक्रवारी त्यांनी आकडे मालकांकडे पाठवले. फक्त तिथी पाहायची राहिली. भाडेकरू गावाला गेल्यावर घर मोकळं वाटणारच.

संध्याकाळी देशपांडे नगरातल्या घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा श्यामलाबाई शेंगा निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "मग सांगून टाका की. तुमचीच नोकरी वाचतीय, त्यात लाज कसली?"

"लाज त्याचीच आहे," विठ्ठलराव म्हणाले. "लोक म्हणतील, खुर्ची जायला लागली तशी म्हाताऱ्याला चूक सापडली."

श्यामलाबाईंनी शेंगा पसरलेलं सूप त्यांच्याकडे सरकवलं आणि तेही निवडायला बसले.

पुढच्या सोमवारी त्यांनी मालकांच्या मुलाला, साकेतला, सगळं सांगितलं आणि चाचणी पुन्हा घ्यायची परवानगी मागितली. या वेळी सेकंद तू मोज, म्हणाले. साकेतला त्यांनी शाळेच्या दप्तरासकट कारखान्यात येताना पाहिलं होतं. तो मोबाइल घेऊन शेजारी बसला. एक दिवस जुनं, एक दिवस नवं, असे सहा दिवस ठरले. सगळे कामाचे.

पहिल्या दिवशी जुन्याला एकेचाळीसच लागले. दुसऱ्या दिवशी नव्याची पाळी. अठ्ठावीस उलटून गेले आणि पडदा तसाच राहिला. तीस झाले, चौतीस झाले. छत्तिसाला विठ्ठलरावांच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून बसलोय. आणखी सहा सेकंद, एवढंच त्यांना हवं होतं. अशी इच्छा धरल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एकोणचाळिसाला अहवाल पडद्यावर आला.

शनिवारपर्यंत तेच चाललं. एकेचाळीस, एकोणचाळीस. एकदाही इकडचं तिकडे झालं नाही.

"काका," साकेत मोबाइल खिशात टाकत म्हणाला, "दोन सेकंदांत काय होतंय? चहा फुंकेपर्यंत जातात. सारखंच आहे म्हणून लिहा. मी आमच्या अप्पांना सांगतो, जुनं आहे ते राहू दे म्हणून."

तो हे मनापासून म्हणत होता.

"अठ्ठावीस खोटं होतं म्हणून खोडायला निघालो," विठ्ठलराव म्हणाले. "आता एकोणचाळीसला एकेचाळीस कसं लिहू रे?"

पहिली चाचणी कशी चुकली, त्या दिवशी अमावास्या कशी होती, हेही त्यांनी नव्या कागदात लिहिलं आणि खाली सही केली.

तीन आठवड्यांनी, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, बेंगळुरूहून मंजुनाथ नावाच्या मुलाचा फोन आला. दहा सर्व्हर ताब्यात घ्यायचे होते. जुनी नावं काढून आता क्रमांक द्यायचे, असा त्यांच्या कंपनीचा नियम होता. विठ्ठलरावांनी ही नावं फार पूर्वी ठेवली होती. वडील रेल्वेत होते, म्हणून हुबळी ते लोंढा मार्गावरची दहा स्टेशनं निवडली. आता ती एकेक करून कन्नडमध्ये सांगू लागले. एक, हुबळी. दोन, उणकल. तीन, नवलूर. पलीकडे कळफलक वाजत होता. धारवाड, मुगद, कंबारगणवी.

"सात, अळणावर."

पलीकडचा आवाज थांबला.

"अळणावर नम्म अज्जी ऊरु, सर," मंजुनाथ म्हणाला. त्याच्या आजीचं गाव. मग जरा घुटमळत त्याने विचारलं, हे एक नाव तसंच ठेवू का, कुणी पाहणार नाही.

विठ्ठलराव खुर्चीत थोडे सावरून बसले.

"नको," ते म्हणाले. "सात लिही. मधलंच एक वेगळं राहिलं तर तुझ्यानंतर येणारा शोधत बसेल."

कळफलक वाजला. मग त्यांनी पुढचं नाव सांगितलं.