धाकटीच्या रोपांचे शेंडे

सासऱ्यांच्या शिवणयंत्राशेजारच्या पेल्यात नेहमी थोरलीच्या बागेतली फुलं असत. गिऱ्हाइकं माप देताना विचारत, "फुलं कुणाची?" सासरे तोंडातली टाचणी काढून म्हणत, "आमच्या थोरल्या सूनबाईंची." तेवढ्यावर थोरलीचा दिवस सुखाचा जाई.

मग धाकटी जाऊ आली आणि तिनं कुंपणालगत शास्ता डेझी लावली. पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, मधे पिवळा गोंडा. पहिल्याच वर्षी पेल्यात ती फुलं जाऊन बसली. वर सासरे म्हणाले, "धाकटीच्या हाताला गुण आहे बरं!" थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. गुण कसला डोंबलाचा! पाणी किती घालायचं हेसुद्धा धाकटी तिलाच विचारायची. थोरली हसून सांगायची आणि आतल्या आत जळायची.

दुसऱ्या वर्षी रोपं वीतभर झाली. दुपारी घर पेंगत असताना थोरलीनं यंत्रावरची दोरे कापायची कात्री उचलली आणि एकूण एक रोपाचा शेंडा उडवला. "घे गुण!" ती पुटपुटली. कात्री घाईघाईनं पुसून जागेवर ठेवली. धाकटी मात्र रोज पूर्वीसारखंच पाणी घालत राहिली.

पुढे छाटलेल्या प्रत्येक देठाला दोन-दोन, तीन-तीन फांद्या फुटल्या. रोपं बुटकी, भरगच्च झाली आणि अशी फुलली की पानं दिसेनात. थोरली खिडकीशी ओठ चावत उभी राहिली.

धाकटी फुलांनी भरलेला पेला घेऊन सासऱ्यांच्या दुकानात आली आणि तिनं थोरलीला हाक मारली. "ताई, हा मान तुमचा. मागच्या वर्षी झाडं उंच वाढून आडवी झाली होती ना? तुम्हाला शेंडे खुडताना पाहिलं मी. मला कमीपणा नको म्हणून गुपचूप केलंत. मी बाबांनाही सांगितलं."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस जिला पाण्यात पाहिलं, तिच्या मनात कसलाच संशय नव्हता. आता त्या साध्या मनाचाही तिला हेवा वाटू लागला.

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कात्रीला हिरवा डाग होता, तेव्हाच कळलं मला." त्यांनी कात्री थोरलीच्या हातात ठेवली. "पुढच्या वर्षीही तूच छाट. फक्त सगळ्यांदेखत."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "वा! फुलं कुणाची?"

सासऱ्यांच्या तोंडात टाचणी होती. त्यांनी ती काढलीच नाही, नुसतं थोरलीकडे पाहिलं.

"धाकटीची," थोरली म्हणाली. जीव जळतच होता, पण म्हणाली.