तुदोरचे तीन आकडे

तुदोरच्या चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी इंटरनेट कंपनीचा निकीफोर आला, तेव्हा पारास्कीवाने कोलिवासाठी, म्हणजे मृताच्या नावाने वाटायच्या गोड प्रसादासाठी, गहू शिजायला ठेवले होते. नवरा गेल्यापासून ती रोज पहाटे उपाशीपोटी दिवा लावून त्याच्यासाठी प्रार्थना म्हणत होती. चाळिसाव्या दिवशी जीव घर सोडतो. तुदोर सोडणार नाही, हीच तिची भीती होती.

तुदोर रोज दुपारी चारला तीन साइटवर इंटरनेटचा वेग मोजायचा, वहीत लिहायचा आणि कंपनीला फोन करून भांडायचा. मोजताना लाइन भरून जायची आणि घरातला वेग कोसळायचा. तो गेला, तरी चार वाजता वेग कोसळतच होता. बरोबर दहा मिनिटं.

"ताई, तुम्ही फोनवर मोजता, मध्ये दोन भिंती. वायर लावून बघू," निकीफोर म्हणाला. त्याने लॅपटॉप जोडला. नऊशे तीस, सातशे, चारशे दहा.

"यातला खरा कुठला?"

"तिन्ही खरे. पहिली साइट कंपनीची, ती कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जाऊन येते. अंगणात पळायचं अन् शर्यत जिंकायची! दुसरी राजधानीपर्यंत जाते, तिसरी पार परदेशात. तुमची लेक तिकडेच, म्हणजे तुमच्या कामाचा तिसरा."

"हेच तर ते सांगायचे. तुम्ही लोक फोन आपटायचात."

"वरून सांगितलं होतं, पहिलाच आकडा धरा. नोकरी आहे, ताई."

चार वाजले. तिन्ही साइटवर वेगाचा काटा जेमतेम बारावर येऊन टेकला. निकीफोरचं हसू मावळलं. त्याने टीव्ही बंद केला, तिचा फोन बंद केला, तुदोरच्या कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपसली. काटा हलेना.

"घरातून काहीतरी बाहेर जातंय," तो हळूच म्हणाला. "पण पाठवायला आता आहेच काय इथे? उद्या नवा राउटर बसवतो, संपेल हे."

"चर्चमधून आल्यावर या."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, कोलिवा वाटून झाला. निकीफोर नवा राउटर काखेत मारून आला. चारला काटा पुन्हा पडला. पारास्कीवाने तुदोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. म्हणजे एवढं सगळं करूनही तो इथेच होता.

"काढू का जुना?"

"काढला तर ते जातील कुठे, भाऊ? नुसतेच अडकतील." ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही त्यांना एकदा तरी बरोबर म्हणालात का?"

निकीफोरने टोपी काढली. रिकाम्या खुर्चीशी बोलायची त्याला लाज वाटत होती.

"तुदोरदादा," तो अडखळला, "तुमचा तिसरा आकडा बरोबर होता. मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो."

चार वाजून तीनच मिनिटं झाली होती. काटा थरथरला आणि वर चढू लागला. शंभर. दोनशे. चारशे दहा.

पारास्कीवाने क्रूसाची खूण केली, खिडकी सताड उघडली, आणि कुणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला सरून उभी राहिली.