सव्वा तासाचा रस्ता

भांडुपच्या एका कुरियर ऑफिसात मी गाड्या सोडायचं काम करतो. चौदा टेम्पो आणि बावीस बाईकवाले. कुठली शाळा किती वाजता सुटते, कुठल्या नाक्यावर सोमवारी बाजार भरतो, मुलुंडहून घाटकोपरला दुपारी कुठून जायचं आणि संध्याकाळी कुठून, सगळं मला तोंडपाठ आहे. मी पावणेदहा म्हटलं की माल पावणेदहाला पोचतो. आईला याचा कोण अभिमान! बिल्डिंगमध्ये कुणी गावाला निघालं की ती हटकून म्हणते, "आमच्या नितेशला विचारा रस्त्याचं. तो सांगेल ते घड्याळ."

हे मुद्दाम आधी सांगतोय. पुढे मी जे केलं ते दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं, कारण दुसऱ्या कुणावर तिने विश्वास ठेवला नसता.

माझ्या मुलीचं, दिशाचं, लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. आमच्यात पहिली पत्रिका कुलदेवतेला ठेवतात आणि आमचा देव चिपळूणजवळच्या गावात. शनिवारी पहाटे निघायचं, दुपारी देवाला पत्रिका आणि नारळ, रात्री चिपळूणला लॉजवर मुक्काम आणि रविवारी परत, असं मी ठरवून टाकलं होतं. जान्हवी, माझी बायको, दिशाच्या ब्लाउजच्या भानगडीत अडकलेली, त्यामुळे जाणार मी आणि आई, दोघंच.

तेवढ्यात गुरुवारी गुहागरहून फोन आला. दत्ताराम काका गेले. काका म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीचे, रुक्मिणीमावशीचे यजमान.

आईने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "रुखमी म्हणाली, तू येऊ नकोस हां, तुमचं लग्नघर आहे." मग पदराने चष्मा पुसत पुढे म्हणाली, "येऊ नकोस म्हणते म्हणजे वाट बघते ती."

लग्नघराने दुखवट्याच्या घरी जायचं नसतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. पण आईची अडचण वेगळी होती. तेराव्याच्या आत विधवेला माहेरची साडी जायला लागते. तेराव्याला सुतक फिटलं की ती बाई माहेरची साडी नेसते, म्हणजे तिच्या मागे अजून कुणी आहे हे चार लोकांना दिसतं. मावशीच्या माहेरी आता होतं कोण? भाऊ नाही, आईबाप कधीच गेलेले. माहेर म्हणून उरली ती एकटी सुगंधा, माझी आई, सत्तर वर्षांची, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत बसलेली.

मंगळवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर टेबलावर साडी. फिकट राखी रंगाची, बारीक काठ. शेजारी लग्नपत्रिकेचा एक नापास नमुना पालथा घातलेला आणि त्याच्या पाठीवर आईने मोठ्या अक्षरात तिचा प्लॅन लिहिलेला.

"बस," ती म्हणाली. "मी सगळं बघितलंय. शनिवारी देव होतो आपला. म्हणजे आधी देव, मग ती. उलटं नाही. रविवारी सकाळी चिपळूणहून गुहागर. तिच्याकडे घरात शिरायचं नाही, अंगणातच बसायचं. दुखवट्याच्या घरी मुक्काम करत नाहीत, त्यामुळे आजच्या आज माघारी. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. मधे कुणाकडे थांबायचं नाही. घरी आलं की आधी आंघोळ, कपडे भिजत. देव काही म्हणायचा नाही रे. मी विचारीन त्याला."

सत्तर वर्षांच्या बाईने रूढीच्या भिंतीत एक माणूस जाईल एवढं दार बरोबर शोधून काढलं होतं. मी आयुष्यभर गाड्यांचे रस्ते आखतोय, पण इतका चोख प्लॅन मला एकदाही करता आलेला नाही.

"गुहागर किती वेळ आहे रे चिपळूणपासून?" तिने विचारलं. "पूर्वी लांब होतं. आता?"

मी फोन काढला. नकाशावर निळी रेघ उमटली. एक तास चौदा मिनिटं.

आता खरं सांगतो. आदल्याच दिवशी बोरिवलीहून दिशाच्या होणाऱ्या सासूचा फोन आला होता. कशी कोण जाणे, काकांची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार नाही ना?" त्यांनी साखरेत घोळून विचारलं. "आमच्याकडे फार पाळतात हो हे सगळं." मी ठणकावून सांगायला हवं होतं की ती माझी मावशी आहे. मी म्हणालो, "छे छे, कुणी नाही." मुलीचा बाप झालं की पाठीचा कणा कुठे जातो कोण जाणे. आणि एकदा नाही म्हटल्यावर नाहीच जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"साडेतीन तास," मी म्हणालो.

"साडेतीन?"

"रस्ता खोदलाय सगळा. रुंदीकरण. एकच बाजू चालू आहे." वर फोन तिच्यासमोरही धरला. तिला त्यातलं काही दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे मला माहीत होतं.

जान्हवी माझ्यामागेच कणीक मळत उभी होती. तिला मात्र स्क्रीन दिसली.

आई बोटांवर मोजायला लागली. साडेतीन जायचे, साडेतीन यायचे, तासभर तिथे. आठ. मग चिपळूण ते भांडुप सात. "पंधरा तास गाडी चालवशील?" असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं तिनेच उत्तर दिलं. "नको रे. लग्न तुझ्या डोक्यावर आहे. कुठे डोळा लागला म्हणजे?"

मी वाद घालायची तयारी करून बसलो होतो. ती माझ्या काळजीने हरेल असं वाटलं नव्हतं.

"साडी मी पाठवतो ना," मी म्हणालो. "आपल्याच ऑफिसातून. परवा तिच्या दारात. सही घेऊन देतील."

आई साडीची घडी नीट करत होती. "माहेर कुरियरने येत नाही, बाळा," ती म्हणाली आणि साडी कपाटात ठेवायला आत गेली.

जान्हवीने हात धुतले. हळूच म्हणाली, "नितेश, आईंना तू खोटं सांगितलंस."

"मग तू सांग खरं. आणि बोरिवलीलाही तूच सांग."

तिने कणकेवर झाकण ठेवलं. दिशा तिचीही मुलगी होती.

लहानपणी मी दोन वर्षं मावशीकडे होतो. बाबांची गिरणी संपात बंद पडली, घरात खायचे वांधे झाले, तेव्हा मी तीन वर्षांचा. मावशी येऊन मला गुहागरला घेऊन गेली. मला त्यातलं फार आठवत नाही. काकांच्या खांद्यावरून दिसणारा समुद्र आठवतो आणि मावशीच्या हातची पेज. मंगळवारी जेवताना ती पेज मला आठवली आणि मी ताटावरून उठलो. तरी मी काही बोललो नाही, हे लिहून ठेवलेलं बरं.

शनिवारी सगळं माझ्या वेळापत्रकाप्रमाणे झालं. देवाला पत्रिका ठेवली, पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं. मी गाडीकडे वळलो तरी आई गाभाऱ्याशी उभीच होती. ओठ हलत होते. काय विचारलंस, असं मी विचारलं नाही. चिपळूणला लॉजवर आम्ही लवकर जेवलो. तिची पिशवी नेहमीपेक्षा फुगलेली होती, पण मी तिकडे बघायचं टाळलं.

रविवारी साडेसहाला जाग आली तेव्हा शेजारची कॉट रिकामी. चादरीची घडी उशीवर. मी खाली धावलो.

लॉजचा मॅनेजर पेपर वाचत होता. "आजी ना? सहाच्या एसटीने गेल्या गुहागरला. मी म्हटलं मुलाला उठवतो, तर नको म्हणाल्या. झोपू दे, त्याला लांब गाडी चालवायची आहे."

मी पाकीट काढून खोलीचे पैसे मोजायला लागलो.

"मला विचारत होत्या, साडेतीन तास म्हणजे उन्हाच्या आत पोचेन ना?" मॅनेजर हसला. "मी म्हटलं, आजी, कुणी सांगितलं साडेतीन? गाडीने सव्वा तास, एसटीने फार तर पावणेदोन. रस्ता मस्त आहे."

"मग?"

"मग काही नाही. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि स्टँडकडे गेल्या."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझा गोटा लॉजच्या काउंटरवर बसला. सात वाजून पाच मिनिटांनी मी गाडी काढली. दोन्ही बाजूंना आंब्याची झाडं, मधे गुळगुळीत डांबर, गाडी एकदाही अडली नाही. कुठे तरी एखादा जेसीबी दिसावा, निदान एक खड्डा तरी लागावा, असं मला फार वाटत होतं. आठ वीसला मी मावशीच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी होतो. एक तास पंधरा मिनिटं.

अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आई बसली होती. पलीकडे पडवीत जमिनीवर मावशी. दोघींच्या मधे अंगण. पडवीच्या पायरीवर राखी साडी ठेवलेली होती. हातात द्यायची नव्हती, सुतक होतं. मावशी तिला अजून शिवली नव्हती, नुसती बघत होती. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. ती एवढीशी झाली होती.

मी पुढे पाऊल टाकलं तशी तिने हात वर केला. "थांब. हितंच थांब, बाला. पुढे येऊ नको. चेडवाचं लगीन आहे तुझ्या."

मी जिथल्या तिथे थांबलो. मी तिच्यापासून लग्न वाचवायला निघालो होतो आणि ती माझ्यापेक्षा जास्त जपून बसली होती.

"काकांचं फार वाईट झालं, मावशी," मी म्हणालो.

"भोगलं नाही फार. पटकन गेले." मग ती पाहुण्याची विचारपूस करावी तसं म्हणाली, "नवरा मुलगा बरा आहे ना? दिशा उंचीला तुझ्या आईवर गेलीय म्हणे." आणि लगेच, "तुझी आई सांगत होती रस्ता खोदलाय. साडेतीन तास लागतात, तुझे हाल नकोत, म्हणून म्हातारी एकटी एसटीने आली. आणि तू तरी आलास! किती वेळ लागला रे?"

मी आईकडे पाहिलं. ती साडीकडे बघत होती. सकाळी सहाच्या आधीच तिला खरं कळलं होतं. एसटीत बसून इथवर येईपर्यंत तिने ते गिळलं आणि बहिणीच्या अंगणात माझं खोटं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. बहिणीपुढे मुलाची लाज राखली. आत्तासुद्धा मी "साडेतीन" म्हणालो असतो, तर तिने मान डोलावली असती.

"सव्वा तास," मी म्हणालो. "रस्ता चांगला आहे, मावशी. खोदलेला नाही. मीच तसं सांगितलं होतं आईला."

मागच्या दारी कुणीतरी रहाटाने पाणी काढत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आता मावशी तोंड फिरवील. मला तेच हवं होतं.

"तू हितं होतास ना दोन वर्षं," मावशी म्हणाली, "तेव्हा ही महिन्याला यायची. रात्रभर एसटी, वर होडी, नि मग चालत. दुपारी पोचायची. तुला भरवायची, निजवायची, नि तू उठायच्या आत निघायची. आजच्या आज. तू रडशील म्हणून." तिने पदर नाकाला लावला. "तेव्हा रस्ता खराच नव्हता रे."

मी गडग्यालाच टेकलो आणि रडलो. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, भर सकाळी, शेजारपाजार बघत असताना. त्या दोघींपैकी कुणीही मला गप्प केलं नाही. करायला पुढे येता येत नव्हतं, आणि आईला, मला वाटतं, करायचं नव्हतं.

थोड्या वेळाने आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. बहिणीकडे एकदा डोळे भरून पाहिलं. काही न बोलता गाडीकडे चालू लागली. रीत होती तशी.

मीही वळलो. फाटकाला हात लावला आणि तोंडातून निघून गेलं, "येतो, मावशी."

आई जागीच थबकली. दुखवट्याच्या घरी जे म्हणायचं नाही म्हणून तिने मला बजावलं होतं, तेच मी म्हणून बसलो होतो. मावशीने तेवढ्यात साडी उचलून मांडीवर घेतली होती. तिने वर पाहिलं.

"ये," ती म्हणाली. "सव्वा तासच आहे."