अकरा खरबुजं

मावशीनं खरबूज उलटं केलं आणि त्याचं बूड नाकाशी धरलं. काही नाही. डोळे मिटून पुन्हा श्वास ओढला. तरीही काही नाही. जणू काचेचा गोळाच हुंगत होती.

समोर उभ्या सुताराची नजर तिच्या तोंडावर खिळली होती. कामावरून तडक आला असावा. बाह्यांवर लाकडाचा भुसा तसाच होता.

"आजच खायचंय," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "वडील इस्पितळात आहेत. आठ दिवस पोटात अन्नाचा कण नाही. सकाळी आपणहून म्हणाले, खरबूज आण. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या." मग खाली बघत, "उद्यावर टाकू नका, असंही म्हणाले."

हंगाम सरला होता. पेटीत अकराच खरबुजं उरली होती आणि त्यांतली निम्मी तरी कच्ची असणार होती.

एकोणीस वर्षं ती या दुकानात फळांपाशी उभी होती. मावशीचं नाक म्हणजे नाक, असं म्हणत लोक डोळे झाकून पिशवी तिच्यापुढे करत. बावीस दिवसांपूर्वी ताप आला, तिसऱ्या दिवशी उतरला, तो वास घेऊनच गेला. चुलीवरचं दूध करपलं, तेही शेजारणीनं येऊन सांगितलं. तिनं कुणालाच ताकास तूर लागू दिली नव्हती. पण फळं थोडीच गप्प बसतात? आठवड्यात तीन तक्रारी आल्या. "चौथी नको हं," सुपरवायझर एवढंच म्हणाला होता.

तिनं बुडाशी अंगठा दाबला. किंचित रुतला. पिकलंय म्हणून, की नासलंय म्हणून? सालीवरची जाळी चांगली होती, हाताला जड लागत होतं. तिनं ते सुताराच्या हातात ठेवलं.

"घ्या. साखर आहे साखर."

त्याचा चेहरा असा काही निवळला की तिला तो बघवेना. तो काउंटरकडे निघाला. पाच पावलं, सहा. मावशीनं पेटीची कड घट्ट धरली.

"अरे, थांब!"

तो वळला.

"मला वास येत नाही." ती म्हणाली. "तापानंतर काही म्हणजे काहीच येत नाही. ते मी अंदाजानं दिलं तुला."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला.

"मग आता कोण सांगणार?"

"तू."

"मला काय कळतंय त्यातलं? माझा जन्म लाकडात गेला."

"लाकूड ओलं की वाळलेलं, ते नाकानं सांगतोस की नाही? मग. बुडाशी हुंग."

हातातलंच त्यानं आधी हुंगलं. "गोड आहे. पण मागून दारूसारखं काहीतरी येतंय."

"उतरलंय ते." तिनं ते त्याच्या हातून काढून घेतलं. "दुसरं घे."

"काकडीसारखं."

"कच्चं. पुढचं."

सुपरवायझर येऊन द्राक्षांच्या खोक्यांपाशी हाताची घडी घालून उभा राहिला. तिनं त्याला पाहिलं, पण ती थांबली नाही. चौथं, पाचवं, सहावं. सुताराच्या कपाळावर घाम आला. आठवंही कच्चं निघालं तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघेनात.

नववं त्यानं नाकाशी धरलं ते धरलंच.

"काय येतंय?"

"हेच, मावशी."

"हेच, ते कळलं. पण कसा येतोय?" तिनं त्याचं मनगट पकडलं. "सांग ना. नीट सांग."

ती आता खरबुजासाठी विचारत नव्हती, हे त्याला उमगलं असावं. त्यानं एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा हुंगलं.

"आधी थंड येतो. नव्या माठातल्या पाण्यासारखा. मग एकदम दाट, गोड, पार घशापर्यंत उतरतो."

मावशी डोळे मिटून ऐकत होती. "हो," ती म्हणाली. "असाच असतो."

तो जवळजवळ पळतच गेला. सुपरवायझर पुढे आला.

"ऐकलं मी. आधी बोलायचंत की, मावशी."

"बोलले असते, तर इथं ठेवलं असतं?"

त्यानं ते उतरलेलं खरबूज उचलून बाजूला ठेवलं. "उद्यापासून बटाट्यांकडे बसा," तो म्हणाला. "तिथं डोळे पुरतात."

चौथ्या दिवशी भर दुपारी सुतार बटाट्यांपाशी येऊन उभा राहिला.

"खाल्लं?" मावशीनं विचारलं.

"दोन फोडी. तिसरी माझ्या तोंडात घातली. म्हणाले, कुणी निवडलं रे? म्हटलं, आम्ही दोघांनी."

पुढचं तिनं विचारलं नाही.

"बटाटे देऊ?"

"द्या." तो ढिगाकडे बघत राहिला. "मावशी, एका माणसाला किती लागतात हो?"

तिनं मुठीएवढा एक उचलला, अंगठ्यानं माती पुसली, हिरवट डाग नाही ना, कोंब नाही ना, फिरवून फिरवून पाहिलं आणि पिशवीत ठेवला. मग दुसरा उचलला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण तिनं घाई केली नाही.